पुणे विद्यापीठात एम.एस्सी. संख्याशास्त्र : टीसीपासून पासिंग सर्टिफिकेटपर्यंत

जून २०२५ मध्ये चौथ्या सत्राचा निकाल लागला आणि माझं एम.एस्सी. पूर्ण झालं. दोन वर्षांपूर्वी मी रात्र-रात्र मोबाइलवर शोधत होते की मराठी माध्यमातून आलेल्या, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केलेल्या कुणी मुलीने पुण्यात संख्याशास्त्र कसं केलं हे कुठे लिहून ठेवलंय का. अभ्यासक्रम सापडत होता, जुने पेपर सापडत होते, पण राहायचं कुठे, कागद कोणते लागतात, पहिल्या महिन्यात काहीच कळलं नाही तर काय करायचं, हे कुठेच नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. दहावीपर्यंत सगळं मराठीत. वर्गसमीकरण, त्रिकोणमिती, बहुपदी हे शब्द माझ्या तोंडात बसलेले. अकरावीला सायन्स घेतल्यावर पुस्तकं इंग्रजीत आली, पण शिकवणं मराठीतच चालायचं. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र घेतलेले आम्ही सातजण होतो. सर घरच्यासारखं शिकवायचे. मला चांगले गुण मिळायचे, आणि ‘पोरीचं गणित पक्कं आहे’ असं अप्पा सगळ्यांना सांगायचे. गणित पक्कं म्हणजे मला सूत्र आठवायचं, आकडे घालता यायचे आणि उत्तर पटकन यायचं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची सगळी अडचण इथूनच सुरू झाली.

प्रवेश परीक्षेचा अर्ज मे २०२३ मध्ये भरला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या विभागात शिकायचं तर ही ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. त्याच विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतही एम.एस्सी. असतं, पण त्यांचे प्रवेश वेगळे होतात. माझ्या सरांनी सांगितलं म्हणून मी दोन कॉलेजांचे अर्जही भरून ठेवले होते. तुम्हीही भरा. विभागाची यादी लागेपर्यंत झोप शांत लागते.

परीक्षा बहुपर्यायी होती. थोडे प्रश्न सामान्य ज्ञान आणि आकलनाचे, मोठा भाग विषयाचा. मी सहा आठवडे अभ्यास केला: सकाळी संभाव्यता आणि वितरणं, दुपारी मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस, रात्री जुने पेपर. पॉयसाँ, घातांकी, नॉर्मल या वितरणांचा मध्य आणि प्रचरण नुसता पाठ न करता दरवेळी कागदावर काढत गेले. त्याचा खूप उपयोग झाला, कारण बरेच प्रश्न थोडं वाकवून विचारलेले होते. पुण्याला जाताना एसटीचं तिकीट अर्धं पडलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालंय. आईही बरोबर आली. पुढे वर्षभर आम्ही एवढ्या चकरा मारल्या की ही सवलत नसती तर घरी प्रत्येक फेरीचा विचार करावा लागला असता.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. नऊ दिवस वाट पाहिली. घरात कुणी विषय काढायचं नाही, आणि मी दर दोन तासांनी वेबसाइट उघडायची. दुसऱ्या फेरीत नाव लागलं, पण माझ्या फोनवर मेसेज आला नव्हता. यादी मी स्वतः उघडून पाहिली म्हणून कळलं. प्रवेश घ्यायला तीन दिवस होते. मेसेजची वाट बघत बसू नका. यादी रोज सकाळी आणि संध्याकाळी स्वतः बघा.

आता कागदांचं. माझी पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असल्यामुळे मायग्रेशन (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचा दाखला) लागलं, पात्रतेचा अर्ज लागला. त्याशिवाय बी.एस्सी.च्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला), दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, चालू मुदतीचं नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, फोटो. मायग्रेशन अर्ज केल्यावर आठवड्यात मिळालं. अडलं ते टीसीवर. माझ्या आधीच्या कॉलेजने दिलेल्या टीसीवर जन्मतारीख आकड्यात बरोबर होती आणि अक्षरात एक महिना चुकलेला होता. मी ती घेताना वाचलीच नव्हती. पुण्यात खिडकीपाशी मॅडमनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा पायातलं बळच गेलं.

मॅडमनी शांतपणे सांगितलं, “हमीपत्र लिहून दे. पंधरा दिवसांत दुरुस्त टीसी आण. तोवर तात्पुरता प्रवेश देते.” मी बाकावर बसून हमीपत्र लिहिलं. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि म्हणाली, “सावकाश लिही, अक्षर चांगलं काढ.” दुरुस्त टीसीसाठी कॉलेजात तीन फेऱ्या झाल्या. एकदा क्लार्क रजेवर, एकदा प्राचार्य मीटिंगला, तिसऱ्यांदा काम झालं. अकरा दिवस गेले. कॉलेजातून कुठलाही कागद हातात आला की खिडकी सोडायच्या आधी दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात. दोन मिनिटांचं काम आहे. आणि मूळ टीसी जमा करण्याआधी तिची रंगीत स्कॅन कॉपी आणि चार झेरॉक्स ठेवा, कारण एकदा दिलेली टीसी परत आपल्या हाती येत नाही.

विभागाची फी आमच्या घराला झेपेल इतकी होती. पुण्यात राहणं मात्र झेपत नव्हतं. वसतिगृहाची यादी नंतर लागणार होती, म्हणून पहिले दोन महिने खडकीत कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत चौघी, महिना ५,५०० रुपये, डिपॉझिट तेवढंच. मेस २,८०० रुपये, रविवारी संध्याकाळी बंद. जुना लॅपटॉप १८,००० ला घेतला. त्यासाठी आईने भिशीचे पैसे दिले. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांचा हिशोब मी वहीत लिहून ठेवलाय. लॅपटॉप सोडून ३१,४०० रुपये गेले. वसतिगृह मिळाल्यावर महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आला. घरची तयारी करताना पहिल्या दोन महिन्यांचे पैसे वेगळे धरा. तेवढे दिवस निभावले की पुढचं जमतं.

विद्यापीठाचं आवार बघून पहिल्या दिवशी मी गांगरले. आमच्या कॉलेजचं मैदान धरून दहा एकर असेल नसेल, आणि हे चारशे एकरांच्या वर. जुनी मुख्य इमारत म्हणजे ब्रिटिश काळातलं गव्हर्नरचं निवासस्थान. वडाची मोठमोठी झाडं. बाहेर विद्यापीठ चौकात मेट्रोचं आणि दुमजली पुलाचं काम चालू, सगळीकडे पत्रे लावलेले, आणि गेटच्या आत आलं की एकदम शांत. मला ते आवडायचं.

पहिल्या सत्रात विश्लेषण, म्हणजे ज्याला सगळे रिअल अ‍ॅनालिसिस म्हणतात ते, रेषीय बीजगणित, वितरणं, संशोधन पद्धती आणि ‘आर’ या सॉफ्टवेअरवरची प्रॅक्टिकल्स होती. आमची बॅच नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यातली पहिली. दोन वर्षांत ८८ क्रेडिट, दर सत्राला २२. एका वर्षानंतर थांबायचं असेल तर पदव्युत्तर पदविका घेऊन थांबता येतं. हे तेव्हा मला नुसतं कागदावरचं वाटलं होतं. डिसेंबरात मी त्याचा खरोखर विचार केला.

विश्लेषणाच्या तासाला पहिल्या आठवड्यात मी भराभर सगळं उतरवून घेत होते. सर फळ्यावर लिहायचे: ‘दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की…’ मला एकेक शब्द कळत होता आणि वाक्य कळत नव्हतं. आकडा कुठे आहे? काय काढायचंय? उत्तर कुठे थांबतं? वर्गातली काही मुलं शहरातल्या कॉलेजांतून आली होती, त्यांनी हे आधी पाहिलेलं होतं. ती प्रश्न विचारायची, इंग्रजीत. मला प्रश्नसुद्धा तयार करता येत नव्हता. रात्री खोलीवर येऊन मी सिद्धता पाठ करायला लागले. दहा-बारा ओळींची सिद्धता, जशीच्या तशी.

पाठ केलेलं दोन इंटर्नलना पुरलं. सत्रान्त परीक्षेत प्रश्न थोडा बदलून आला आणि माझ्याजवळ काहीच उरलं नाही. प्रश्न साधा होता: दिलेलं फल (फंक्शन) एका अंतरालावर सातत्यपूर्ण आहे, पण एकसमान सातत्यपूर्ण नाही हे सिद्ध करा. मी दोन्ही व्याख्या लिहिल्या. दोन्ही जवळपास सारख्याच लिहिल्या, कारण मला त्या सारख्याच वाटत होत्या.

जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला. बाकी विषय निघाले, विश्लेषण राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नापास, आणि तेही गणितात. घरी चार दिवस सांगितलं नाही. पाचव्या दिवशी अप्पांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “परत द्यायला मिळतोय ना पेपर? मग रडतेस कशाला. पैसे किती लागतील ते सांग.” त्या फोननंतर मी दिवसभर रडले. मग विश्लेषणाच्या सरांना जाऊन भेटले.

ही भेट या दोन वर्षांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी विचारलं, “सर, माझा पेपर बघता येईल का?” त्यांनी वेळ दिली, पेपर समोर ठेवला, आणि गुणांबद्दल काही न बोलता विचारलं, “ही ओळ वाच. ‘प्रत्येक’ आधी आहे की ‘एक’ आधी आहे?” मला प्रश्नच समजला नाही. मग ते मराठीत बोलले. “तुझ्या गावात प्रत्येक घराला एक विहीर आहे, असं मी म्हटलं. आणि गावात एक विहीर आहे जी प्रत्येक घराची आहे, असं म्हटलं. दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत ना? गाव एकच आहे का?”

नाही. पहिल्या गावात जितकी घरं तितक्या विहिरी असू शकतात. दुसऱ्यात एकच, सगळे तिथे पाणी भरतात. डेल्टा म्हणजे फलाची किंमत फार हलू नये म्हणून बिंदूपासून किती जवळ राहायचं ते अंतर. सातत्यात प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा चालतो. एकसमान सातत्यात एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना पुरावा लागतो. शून्याकडे सरकताना एक भागिले एक्स हे फल इतकं उभं चढतं की डेल्टा बारीक बारीक करत जावा लागतो, आणि सगळ्यांना पुरेल असा एक उरत नाही. सहा महिने मी हे उतरवून घेत होते आणि मला शब्दांचा क्रमच दिसला नव्हता.

सर पुढे म्हणाले, “तू विचार मराठीत कर. लिही इंग्रजीत. मधे भाषांतर करू नकोस, मधे समजून घे.”

त्या दिवसापासून वहीची पद्धत बदलली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे सिद्धता इंग्रजीत, उजवीकडे प्रत्येक ओळीसमोर मराठीत ‘हे का?’ आणि त्याचं उत्तर. उत्तर येत नसेल तर तिथे लाल टिंब. आठवड्याच्या शेवटी लाल टिंबं घेऊन सरांकडे किंवा सीनिअरकडे जायचं. आधी पानागणिक पाच-सहा टिंबं असायची. वेग खूप कमी झाला, एक प्रमेय कधी कधी दोन दिवस चालायचं. पण झालेलं प्रमेय परत पाठ करावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट केली ती रूममेटबरोबर. ती नांदेडची, भौतिकशास्त्राची. तिला संख्याशास्त्र येत नव्हतं, आणि तेच कामाला आलं. रात्री जेवण झाल्यावर मी तिला दिवसाचं एक प्रमेय मराठीत समजावून सांगायचे. ती मधेच म्हणायची, “थांब बाई, हे कसं आलं?” जिथे ती थांबवायची तिथे बहुतेक वेळा मलाच कळलेलं नसायचं. समजावून घ्यायला तयार असलेलं असं एक माणूस शोधा. विषयातलंच हवं असं नाही.

दुसऱ्या सत्रातल्या संभाव्यतेत अभिसरणाचे प्रकार, म्हणजे एखादा क्रम एका किमतीजवळ कोणकोणत्या अर्थाने जातो ते, आले आणि वर्गात पुन्हा सगळे अडखळले. एखादा क्रम संभाव्यतेत अभिसारी असतो पण जवळजवळ निश्चितपणे नसतो, हे कसं? मला ते रूममेटला सांगता सांगता सुचलं. गल्लीत रात्री गस्तवाला फिरतो आहे. त्याच्या हातात बॅटरी. पहिल्या फेरीत बॅटरीचा झोत अर्धी गल्ली उजळतो, दुसऱ्या फेरीत पाव, मग त्याहून अरुंद. कुठल्याही क्षणी एखाद्या ठरावीक घरावर उजेड असण्याची शक्यता कमी कमी होत शून्याकडे जाते. हे झालं संभाव्यतेतलं अभिसरण. पण गस्तवाला फेऱ्या थांबवत नाही. प्रत्येक फेरीत प्रत्येक घरावरून एकदा तरी झोत जातोच. म्हणजे कुठल्याही एका घरात बसून पाहिलं तर अंधार कायमचा कधीच होत नाही, पुन्हा पुन्हा उजेड येतच राहतो. म्हणून दुसऱ्या अर्थाने अभिसरण नाही. मी हे दुसऱ्या दिवशी वर्गात मराठीतच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “आता हेच चिन्हांत लिहून दाखव.” फळ्यापाशी जाऊन लिहिलं. हात थरथरत होता, पण पूर्ण लिहिलं.

त्याच सत्रात इन्फरन्स, म्हणजे नमुन्यावरून अनुमान, शिकताना मॅक्झिमम लाइकलिहूड आकलकाच्या (अज्ञात किमतीचा अंदाज काढायच्या एका पद्धतीच्या) संगततेवरचं, म्हणजे नमुना वाढला की अंदाज खऱ्या किमतीकडे जातो यावरचं, एक प्रमेय आलं, हुजूरबाजारांच्या नावाचं. नाव ऐकून मी जयकर ग्रंथालयात जाऊन शोधलं. वसंत शंकर हुजूरबाजार, जन्म १९१९, कोल्हापूर. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली पीएच.डी. केली, आणि १९५३ पासून १९७६ पर्यंत याच विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचे विभागप्रमुख होते. १९७४ मध्ये पद्मभूषण. पुस्तकातलं प्रमेय कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसाचंच असणार असं माझ्या मनात कुठेतरी बसलेलं होतं. ज्यांनी ते लिहिलं ते माझ्या आजीच्या माहेराजवळचे, आणि ज्या विभागात मी रोज डबा घेऊन जात होते तो त्यांनी उभा केलेला. त्या दिवशी ग्रंथालयातून परतताना मी पदव्युत्तर पदविका घेऊन थांबायचा विचार सोडून दिला.

विश्लेषणाचा पेपर पुन्हा दिला. बॅकलॉगचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीख नेहमीच्या परीक्षा अर्जाबरोबरच येते, पण पान वेगळं असतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा अर्ज त्यामुळेच राहिला आणि सहा महिने गेले. पैसे भरल्याची पावती डाऊनलोड करून ठेवा. पेपरात या वेळीही एकसमान सातत्यावर प्रश्न होता. मी उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की कुठला डेल्टा कशावर अवलंबून आहे. सत्तरच्या घरात गुण मिळाले. मला त्या गुणांपेक्षा हे आठवतं की शेवटचा अर्धा तास मी पेपर शांतपणे वाचत बसले होते आणि माझं लिहिलेलं मला समजत होतं.

उन्हाळ्यात ऑन जॉब ट्रेनिंग होतं, चार क्रेडिटचं, १२० तास. पुण्यातल्या कंपन्यांत जागा मिळवायला बऱ्याच जणांनी धडपड केली. मी दहा-बारा ठिकाणी मेल केले, दोघांनी उत्तर दिलं, दोघांनीही नाही म्हटलं. शेवटी आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत गेले. त्यांच्याकडे सोयाबीनच्या आवकेच्या आणि दरांच्या पाच वर्षांच्या नोंदी होत्या: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. त्यांना पुढच्या महिन्याचा अंदाज हवा होता.

पहिला आठवडा मी एकही मॉडेल बसवलं नाही. दरांच्या रकान्यात अधूनमधून शून्य होती. बाजार बंद असलेल्या दिवशी कुणी रकाना रिकामा सोडला होता आणि कुणी शून्य भरलं होतं. तशीच सरासरी काढली असती तर दर क्विंटलमागे बराच कमी दिसला असता. मी सणवार, रविवार आणि बंदचे दिवस कॅलेंडर समोर ठेवून ताडून पाहिले. मग दुसरा प्रश्न आला: आजचा दर कालच्या दरावर अवलंबून असतो, म्हणजे निरीक्षणं स्वतंत्र आहेत हे गृहीत धरून साधं रिग्रेशन बसवलं तर चुका खऱ्यापेक्षा लहान दिसतात आणि अंदाजावर नको इतका विश्वास बसतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं. तिथल्या काकांना समजावताना मी म्हटलं, “काका, पाच वर्षांच्या हजार नोंदी आहेत, पण त्या हजार वेगवेगळ्या साक्षीदारांसारख्या नाहीत. बरेचसे एकमेकांचं ऐकून बोलताहेत.” त्यांना ते पटलं. शेवटी मी त्यांना एक आकडा न देता पट्टा दिला, इतक्यापासून इतक्यापर्यंत. आधी ते नाराज झाले. मग त्यांनी तो फळ्यावर लिहून ठेवला.

ट्रेनिंगचं प्रमाणपत्र लेटरहेडवर, तासांच्या नोंदीसह, शिक्क्यानिशी लागतं. सुरुवातीलाच तसा नमुना विभागातून घेऊन जा. नाहीतर काम संपल्यावर सहीसाठी पुन्हा जावं लागतं.

शिष्यवृत्तीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. महाडीबीटीवर अर्ज भरला, विभागातून तो पुढे गेला, मंजूर झाल्याचं दिसलं, आणि माझ्या खात्यात काहीच आलं नाही. अडीच महिने. मग कळलं की पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि माझं आधार शाळेत असताना काढलेल्या एका जुन्या खात्याशी जोडलेलं होतं. पासबुक पुण्याच्या बँकेचं दिलं होतं, पण सरकारी पैसा पासबुक बघून येत नाही. जुनं खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं होतं. ते चालू करायला केवायसी, फोटो, आणि गावाकडच्या शाखेत प्रत्यक्ष हजेरी. दोन दिवस गेले, पैसे मिळाले. अर्ज भरण्याआधी आपलं आधार नक्की कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारून किंवा आधारच्या वेबसाइटवर बघून घ्या. खात्याला आधार नंबर दिलेला असणं आणि सरकारी पैसे त्या खात्यात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि नॉन-क्रिमिलेअरची मुदत मार्चअखेर संपत असेल तर नव्याचा अर्ज लवकरात लवकर करा. जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

दुसऱ्या वर्षी मी ‘कमवा व शिका’ योजनेत काम घेतलं. मेसचा बराच भार त्यातून निघाला, आणि घरून पैसे मागताना जो संकोच व्हायचा तो गेला. तिसऱ्या सत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अभ्यास होता, डेंग्यूने दोन आठवडे आजारी होते, मैत्रिणींनी नोट्स दिल्या, सगळे विषय निघाले. चौथ्या सत्रात प्रकल्प होता. सोयाबीनचंच काम पुढे नेलं, या वेळी पाऊस आणि आवक यांचा संबंध घेऊन. मार्गदर्शक मॅडमनी अहवालाचा पहिला खर्डा परत दिला, त्यावर पानोपानी पेन्सिलीने एकच शब्द होता: ‘का?’ मी खूप आनंदाने तो दुरुस्त केला.

निकालानंतरचे कागदही लगेच करून घ्या. गुणपत्रिका, पासिंग सर्टिफिकेट आणि टीसी यांचे अर्ज वेगवेगळे असतात. पदवी प्रमाणपत्रासाठी पदवीप्रदान समारंभाचा अर्ज वेगळा, आणि तो त्याच्या ठरावीक मुदतीतच भरावा लागतो. वसतिगृह सोडताना ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह तिन्हीकडचं नो ड्यूज लागतं, त्याशिवाय अनामत परत मिळत नाही. माझ्याकडून एक पुस्तक रूममेटच्या कपाटात राहिलं होतं, त्यासाठी ती नांदेडला निघालेली असताना तिला शिवाजीनगरहून परत यावं लागलं. ती आली.

जुलैमध्ये मी विभागात पासिंग सर्टिफिकेट घ्यायला गेले तेव्हा रांगेत माझ्या पुढे एक मुलगी होती, हातात फाइल, बरोबर तिचे वडील. लातूरकडची. तिने टीसी हातात धरली होती. मी म्हटलं, “जन्मतारीख अक्षरात वाचलीस का?” तिने वाचली. बरोबर होती. मग तिने हळूच विचारलं, “ताई, सगळं इंग्रजीत शिकवतात का हो? मला जमेल का?” मी माझी उभी रेघवाली वही बरोबर आणली होती, सरांना दाखवायला. रांग बरीच लांब होती. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि मी तिला विहिरींचं पान उघडून दाखवलं.